उलटा एसी

अब्बांनी एसी उलटा बसवला तेव्हा अख्खी गल्ली हसली. हसणारच. उभा जन्म कर्जतमध्ये लोकांचे फ्रिज आणि एसी दुरुस्त करणारा झाकीर मिस्त्री स्वतःच्या खिडकीत एसीची पाठ घरात आणि तोंड रस्त्याकडे करून ठेवतो, म्हणजे म्हातारपणी चळ लागला असंच कुणालाही वाटेल. समोरच्या मालतीकाकू ओट्यावरून म्हणाल्या, "झाकीरभाई, गल्लीला थंडगार करताय होय? पुण्य लागेल हो!"

"हसतील त्यांचे दात दिसतील," अब्बा म्हणाले आणि स्क्रू पिळत राहिले.

मी त्यांची मुलगी झिनत, तोंडाने फटकळ. मी हसले नाही, चिडले. घरात आई आजारी आणि ह्यांचे खेळ चाललेत, असं मला वाटलं.

अम्मीच्या किडन्या गेल्या होत्या. डायलिसिसवरून आली की ती थरथरायची. दिवाळीनंतर कर्जतला थंडी पडते ती काही फार नाही, दुपारी तर घामच येतो. पण अम्मीला भर दुपारीही दोन गोधड्या लागायच्या. कॉइलचा हीटर आणला, तर एका गोधडीचा कोपरा करपला आणि त्या वासाने तिला उलटी झाली. मग अब्बांनी हीटर माळ्यावर फेकला आणि दुकानातला जुना खिडकीचा एसी टेंपोतून घरी आणला.

"एसी गरमी बनवत नाय गं," ते मला म्हणाले. "फक्त हलवतो. आतली उचलतो, बाहेर टाकतो. मग उलटा केला तर?"

"तर बाहेरची आत. पण बाहेर तरी कुठंय गरमी, अब्बा?"

"आपल्या राहीलच्या तिकडं बर्फातून काढतात. आपल्याकडं तर हवेत भरपूर हाय."

राहील माझा धाकटा भाऊ. अब्बांच्याच हाताखाली शिकला आणि जर्मनीला गेला. तिथं आता लोक घरातले गॅसचे बंब काढतात आणि हीट पंप लावतात. राहील ते बसवतो. व्हिडिओ कॉलवर तो बर्फात उभा राहून अंगणातलं पंख्याचं खोकं दाखवायचा. "अब्बा, आपला एसीच हाय हा, फक्त उलटा. पुढं सगळीकडं हेच येणार. कळंबच्या रिसॉर्टमध्ये आंघोळीच्या पाण्याला लावलाय ना? उद्या आपल्या कर्जतमध्ये घरोघरी लागेल. मी परत आलो की आपण दोघं हेच काम धरू."

थंडी हा त्याचा हंगाम. कुणाच्या घरातली मशीन बंद पडली की याला पळावं लागायचं, आणि रजा मिळायची नाही. अम्मीची थंडीही तेव्हाचीच. परक्यांची घरं हा ऊबदार करतो आणि स्वतःची आई इथं काकडते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं मी त्याला तोंडावर सुनावलं. अम्मीने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"तू त्यांच्या आयांना सांभाळ रं बाळा," ती म्हणाली. "मला तुझे अब्बा सांभाळतायत. पण एकदा येऊन जा."

तिचं मागणं एवढंच होतं. तो येईपर्यंत तिला टिकवायचं, एवढंच आमच्या घरात उरलं होतं.

एसी सुरू झाला. बटणं रस्त्याच्या बाजूला, त्यामुळे येता-जाता कुणीही ती फिरवायचं. अब्बांनी शेवटी ती काढूनच टाकली. आत मात्र मागच्या जाळीतून ऊबदार हवा येऊ लागली. अम्मीने पाय जाळीसमोर धरले आणि पहिल्यांदाच एक गोधडी बाजूला सारली. मग ती हसायला लागली.

"आठवतंय का?" ती अब्बांना म्हणाली. "साजगावच्या बर्फाच्या कारखान्याचं."

अब्बा लाजले. ही गोष्ट मला तोवर माहीत नव्हती. अब्बा लग्नाआधी त्या कारखान्यात कामाला होते. पुढच्या दाराने बर्फाच्या लाद्या निघायच्या, मागच्या खिडकीतून यंत्राची गरम हवा. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून आसपासच्या बाया तिथं दोरी बांधायच्या. त्यात साजगावची आसिया होती, म्हणजे आमची अम्मी.

"बर्फवाल्याची गरमी मी फुकट घेतली," ती म्हणाली. "तवापासून घेतेच हाय."

त्या दिवसानंतर मी उलट्या एसीवरून कधी कुरकुर केली नाही. राहीललाही व्हिडिओवर तो दाखवला. तो इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "अब्बा, तुमीच खरे इंजिनियर!"

जानेवारीत अम्मी खालावली. राहीलला निरोप गेला आणि तो मिळेल त्या विमानाने निघाला. तो हवेत असतानाच, पहाटे फजरच्या अजानच्या वेळी, अम्मी गेली. पाय जाळीकडेच होते. मी हात लावला तर ऊबदार लागले, म्हणून मला बराच वेळ कळलंच नाही.

मशिदीतली वडीलधारी मंडळी आली. मय्यतीला उशीर करू नये, असं समजावू लागली. अब्बा एवढंच म्हणाले, "पोरगा वाटेत हाय. दुपारपर्यंत थांबा."

थांबायचं तर खोली थंड हवी. अब्बा उठले आणि पाना घेऊन खिडकीशी गेले. गल्लीतले जे हसले होते त्यांनीच एसी उचलला, फिरवला आणि पुन्हा बसवला. अब्बांनी बटणं परत जोडली. थंड हवा आत येऊ लागली. अब्बांनी अम्मीच्या पायांवर गोधडी टाकली, मग काढली, मग पुन्हा टाकली. मला ते बघवेना.

विमानतळावर उतरल्यावर राहीलचा फोन आला. "अम्मी कशी हाय?"

"झोपलीय," अब्बा म्हणाले. "तू ये."

मी त्यांच्यावर ओरडणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून त्यांच्या हातातला फोन तेवढा घेऊन ठेवला. टॅक्सीत त्याला एकट्याला हे कळू नये, म्हणून त्यांनी दारातली माणसं मालतीकाकूंच्या मागच्या अंगणात पाठवली. चपलासुद्धा उचलायला लावल्या. राहील आला की आत नेऊन, जवळ बसवून मग सांगायचं, असं ठरलं.

टॅक्सी थांबली. राहील उतरला, अंगात तिकडचं जाड जाकीट. गल्लीत कुणीच नाही, हे पाहून त्याला हायसं वाटलं असावं. मला दारात पाहून तो हसलासुद्धा. बॅग घेऊन खिडकीखालून दोन पावलं चालला आणि थबकला.

एसीच्या पाठीतून निघालेली गरम हवा त्याच्या तोंडावर येत होती.

त्याने वर पाहिलं. हात पुढे करून ती हवा तळव्यावर घेतली आणि तसाच उभा राहिला.

"झिनत," तो म्हणाला, "अम्मीची गरमी बाहेर का टाकताय गं?"