मागच्या सीटपर्यंतची वायर

दिवाळी झाली आणि सिद्राम कोळेकरच्या गाडीची मागची सीट मागे जायला लागली. पहिल्या सोमवारी वीतभर सरकली, गुरुवारी हातभर. पुढच्या आठवड्यात वैरागहून सोलापूरला जाताना त्याने आरशात पाहिलं, तर त्याचे वडील एखाद्या लांब व्हरांड्याच्या टोकाला बसल्यासारखे दिसत होते. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

बाहेरून गाडी होती तेवढीच होती. मिस्त्रीने पट्टी लावून बंपरपासून बंपरपर्यंत मापली, मग आत शिरून मापली. बाहेर आला तेव्हा त्याची पट्टी कमी पडली होती.

"सीट मागं गेलीय," तो म्हणाला. "ब्रेक चांगले हैत."

वडिलांना, म्हणजे अण्णांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे. सिद्राम गावातल्या हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक होता. सोमवारी आणि गुरुवारी तो अर्धी रजा टाकायचा, अण्णांना चार तास मशीनवर ठेवायचा आणि अंधार पडायच्या आत परत आणायचा. गाडी त्याने त्यासाठीच घेतली होती, दोन मालकांच्या हाताखालून आलेली, पांढरी. त्याने अण्णांना पुढे शेजारी बसवून पाहिलं. वाटेतलं वडाळा गाव येईपर्यंत ते मागे होते, आणि आपण पुढे बसलो होतो हे त्यांना आठवत नव्हतं. मेहुण्याची जीप आणून पाहिली. जीपची मागची सीट पहिल्याच दिवशी तितक्याच लांब होती. दवाखान्यातल्या सिस्टरला त्याने विचारलं, तेव्हा तिने रजिस्टरमधून मान वर न करता सांगितलं, की काही पेशंटच्या गाड्या लांबतात, तुम्ही घरून थोडं लवकर निघत जा.

सिद्रामची बायको महानंदा एका गुरुवारी अण्णांच्या शेजारी बसून गेली. घरी आल्यावर तिने चूल पेटवली, भाकरी थापल्या, आणि जेवणं झाल्यावर म्हणाली, "मी परत मागं बसणार नाही."

"का?"

"तिथं बसलं की पुढं गाडी कोण चालवतंय ते आठवावं लागतं."

पुढच्या वेळी तिने फक्त डबा दिला.

अण्णांना दिवसाला पाणी मोजून होतं. वाटेत तहान लागली की दोन घोट द्यायचे. सिद्राम वडाळ्याला ओरडून विचारायचा, पाणी पाहिजे का. उत्तर सोलापूरच्या वेशीवर यायचं, नको म्हणून. कधी आधी विचारलेल्याचं उत्तर आणि नंतर विचारलेल्याचं उत्तर एकात एक मिसळून यायचं, आणि मग गाडी थांबवून, मागचं दार उघडून, आत चालत जाऊन बघावं लागायचं. त्या वेळी साठ पावलं होती.

अण्णांचं सगळं आयुष्य आवाजात गेलं होतं. नागनाथ कोळेकर म्हटलं की पंचक्रोशीत लाउडस्पीकर. लग्न, बारसं, जत्रा, निवडणूक, कुठेही कर्णे बांधायचे ते त्यांनीच. झाडावर स्वतः चढायचे. वायर पुरली नाही म्हणून मांडवाचा एखादा कोपरा मुका राहिला, असं त्यांनी कधी होऊ दिलं नाही. धंदा बंद झाला तेव्हा घरात तीनशे कॅसेट उरल्या. त्या सिद्रामने दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालून कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि नखाएवढ्या कार्डात भरल्या. अण्णांनी ते कार्ड तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिलं होतं आणि विचारलं होतं, ह्यात बाजू बदलायला लागते का.

मशीनवर असताना एका दुपारी अण्णा म्हणाले, "गाडीत एखादा टेप बसव की. माझ्याकडं काहीच येत नाही आता."

सिद्राम म्हणाला, बसवतो.

स्टँडमागच्या गल्लीत इम्तियाज बागवानचं दुकान होतं. गाड्यांचे सीट कव्हर, काचांचे पडदे, हॉर्न आणि स्टिरिओ. सिद्रामने दुकानासमोर गाडी लावली. अण्णा आत होते. त्यांना उतरवून दुकानात आणायचं म्हटलं तर दुपार गेली असती. सिद्रामने सांगितलं, कार्ड चाललं पाहिजे, पेन ड्राइव्ह चालला तर बरं, फोनवरून लागलं नाही तरी चालेल, आणि फार महाग नको. इम्तियाजने सगळं ऐकून घेतलं.

"मागची सीट किती लांब?" त्याने विचारलं.

"गुरुवारी दोनशे दहा पावलं होती."

इम्तियाजने फळीवरून तीन खोकी काढली. पहिला सेट स्वस्त होता. कार्ड, पेन ड्राइव्ह सगळं चालायचं, पण स्पीकर पुढचेच. दुसऱ्याला आतच अँप्लिफायर होता आणि वायरीचं मोठं भेंडोळं होतं. हजार पावलांपर्यंत आवाज पडत नाही, तो म्हणाला. तिसऱ्याचं खोकं त्याने उघडलं नाही, नुसता हात ठेवला.

"ह्याची वायर संपत नाही."

तिसऱ्याची किंमत सिद्रामच्या गाडीपेक्षा जास्त होती. सिद्रामने दुसऱ्याकडे बोट केलं. इम्तियाज म्हणाला, ज्यांना ऐकायचंय त्यांना विचारून घेऊ, माझ्याकडे तशी पद्धत आहे. त्याने तिन्ही खोकी बगलेत घेतली, गाडीचं मागचं दार उघडलं आणि वाकून आत गेला. सिद्राम दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. समोरच्या रसवंतीवाल्याने दोनदा चरक धुतला. इम्तियाज परत आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या पाठीवर छताच्या कापडाची भुकटी पडली होती आणि दाढी आत जाताना होती त्यापेक्षा थोडी वाढलेली होती.

"हुशार माणूस आहे," तो म्हणाला. "स्पीकरवर अंगठा दाबून आतलं चुंबक कसं आहे ते सांगितलं. माझ्या वडिलांनापण ओळखतात."

"कुठला म्हणाले?"

"तिसरा."

सिद्रामला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. अण्णांनी आजवर स्वतःसाठी महागाचं काही मागितलेलं त्याला माहीत नव्हतं. चष्म्याची काडी तुटली तर ते दोऱ्याने बांधायचे.

"म्हणाले, जन्मभर दुसऱ्याच्या मांडवात वायर कमी पडू दिली नाही," इम्तियाजने सांगितलं. "आता आपल्यासाठी एकदा मोठा घेऊ, म्हणाले."

 तरी सिद्रामने दुसराच सेट बसवायला सांगितला. आणि तिसऱ्याचं खोकं रिकामं करून मिळेल का, असं विचारलं. इम्तियाजने खोकं रिकामं केलं, आतला सेट जुन्या टॉवेलात गुंडाळून फळीवर ठेवला. वायर टाकायला तो पुन्हा आत गेला. रबरी मॅटखालून त्याने ती सरळ मागेपर्यंत नेली, अण्णांच्या डोक्यामागे स्पीकर बसवला आणि ते खोकं त्यांच्या पायाशी ठेवलं, चित्र वर करून.

पुढचे पंधरा दिवस चांगले गेले. कार्ड घातलं की अण्णांचा एखादा लग्नाचा मांडव सुरू व्हायचा. सनई, मग बँड, मग मधेच अण्णांचाच तरुण आवाज, की पाहुणे मंडळींनी पंगतीला बसून घ्यावं. आरशात अण्णा तिळाएवढे दिसत, पण त्या तिळाची मान हलताना कळायची. त्यांनी एक खूण ठरवली होती. वायरीला एक हिसका म्हणजे आवाज वाढव, दोन म्हणजे गाणं बदल. सेटमागच्या फटीत वायर हलली की सिद्रामला ते कळायचं. एकदा वडाळा ते सोलापूर वायर सारखी हलत राहिली, तेव्हा त्याने गाडी बाजूला घेऊन आत जाऊन पाहिलं. अण्णा वायरीवर बोटांनी ताल धरत होते. सिद्राम तसाच परत आला आणि वाटेत त्याला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

मग वायर ताणायला लागली. सुरुवातीला ती मॅटखाली ऐसपैस वळणं घेऊन पडलेली होती. वळणं एकेक करून सरळ झाली. सिद्राम रोज संध्याकाळी अंगणात गाडीत बसून बोटाने चाचपून बघायचा. त्याने ठरवलं होतं, की पुढच्या पगाराला बागवानकडे जाऊन अजून वायर जोडून घ्यायची, आणि हेही ठरवलं होतं की अण्णांना खरं सांगायचं, दुसराच सेट घेतला म्हणून. ते घरात कॉटवर झोपलेले असत. डायलिसिसनंतर दोन दिवस त्यांच्यात बोलायचं त्राण नसे, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा निघायचं असे.

एका गुरुवारी सेट चालू होता, काट्यावर आवाज पूर्ण होता, पण वायर हलली नाही. आरशात तीळ नव्हता. सिद्रामने गाणं बदललं. पुन्हा बदललं. दवाखान्यात अण्णांना बाहेर आणायला इतका वेळ लागला, की मशीनवर त्यांना दोनच तास मिळाले. त्यांचे पाय सुजले होते. संध्याकाळी घरी अण्णा झोपल्यावर महानंदा अंगणातले कपडे काढायला गेली आणि तशीच परत आली.

"अण्णा गाडीतून विचारतायत," ती म्हणाली.

"अण्णा तर झोपलेत."

"हो. गाडीतून विचारतायत, बंद केलास का म्हणून."

सिद्राम बाहेर गेला. गाडीचं दार उघडलं. तेच वाक्य अजून एकदा आलं, जास्त हळू. त्याने आत तोंड करून सांगायचा प्रयत्न केला, की बंद नाही केलं, चालू आहे. पण ते कुणाला आणि कधी ऐकू जाणार, हे त्याला कळेना. त्याने दार लावलं. सकाळी अण्णा उठले, चहा अर्धा कप घेतला, आणि त्यांनी काही विचारलं नाही. 

सोमवारी ते पहाटेच निघाले. नऊ वाजता दवाखान्याच्या पोर्चमध्ये गाडी लागली. उत्तम नावाचा वॉर्डातला माणूस व्हीलचेअर घेऊन मागच्या दारातून आत गेला. अकरा वाजता तो रिकामी खुर्ची ढकलत परत आला.

"स्पीकरपर्यंत गेलो," तो म्हणाला. "तिथनं पुढं आमची ड्युटी नाही."

सिस्टर दारात येऊन सांगून गेली, की मशीन दोनपर्यंत थांबवते, नंतर दुसरा पेशंट आहे. सिद्रामने चपला काढून हातात घेतल्या, का ते त्यालाही माहीत नव्हतं, आणि आत शिरला.

वायर पायाखाली तारेसारखी ताठ होती. तिच्या बाजूने तो चालत राहिला. दोन्हीकडे खिडक्या होत्या आणि प्रत्येक खिडकीतून तोच पोर्च दिसत होता. एका खिडकीत उत्तम तंबाखू मळत होता. पुढच्या दहा-वीस खिडक्यांनंतर तो खुर्चीवर बसला होता. त्याही पुढे खुर्ची तीच होती, पण माणूस दुसरा होता, आणि पोर्चला वेगळा रंग दिलेला होता. सिद्रामने खिडक्यांकडे बघायचं सोडून दिलं.

स्पीकर मॅटवर उताणा पडला होता आणि त्यातून एका लग्नाची वरात चालली होती. मोठ्या आवाजात, कुणीही नसताना. सिद्रामने तो उचलून पुढे न्यायचा प्रयत्न केला. एक बोटही पुढे येईना. त्याने तो हळूच खाली ठेवला आणि पुढे निघाला. बँडचा आवाज मागे राहिला, मग नुसता ढोल राहिला, मग तोही नाही. मॅट संपल्या. गार लागायला लागलं. आपण कुणाला आणायला निघालो आहोत ते तो मनात म्हणत राहिला, वडिलांना, नागनाथ कोळेकरांना, वैरागच्या.

सीट आली तेव्हा अण्णा खिडकीला टेकून बसले होते, कानामागे हात धरून. पाय खोक्यावर होते.

"तू होय," ते म्हणाले. "कोण चालवतंय मग?"

"गाडी थांबलीय, अण्णा. चला, सिस्टर वाट बघतीय."

"थांब थोडा. गाणं येईल." त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "मोठाच घेतलास ना? न संपणारा?"

सिद्राम चालताना खरं सांगायचं ठरवून आला होता. त्याने तोंड उघडलं. अण्णांचे डोळे सुजेने बारीक झाले होते, आणि कर्णा बांधून झाडावरून उतरताना ते खालच्या माणसाला आवाज आला का विचारायचे, तसं काहीतरी त्या डोळ्यांत होतं.

"मोठाच घेतलाय," तो म्हणाला.

"मग बस. येईल."

सिद्राम बसला. सीट मऊ होती आणि अण्णांच्या अंगाने ऊबदार झालेली होती. आल्या वाटेने त्याने पाहिलं. फार दूर, काडेपेटीच्या आकाराचं उजेडाचं दार होतं. त्यात कुणीतरी येऊन वाकून आत बघितलं, थोडा वेळ थांबलं, आणि दार ओढून घेतलं. त्याचा आवाज आला नाही.

अण्णांनी बोट वर केलं.

"आलं," ते म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवायला लागले. सिद्रामने कान दिला. काहीच नव्हतं. अण्णांचा अंगठा सीटवर ताल धरत होता, आधी सावकाश, मग जलद. सिद्राम त्या अंगठ्याकडे पाहत राहिला. गाणं कुठलं, ते त्यावरून ओळखू येत नव्हतं.