नाडीबाबांचं संजीवन तेल

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. जाळी शिवणारे जाळी टाकून आले होते, बर्फवाला बर्फ वितळत ठेवून आला होता, आणि पलीकडच्या किनाऱ्याला जाणारे उतारू आपला खोळंबा विसरून माना उंचावत होते. बोटीच्या मागच्या फळीवरचं जुनं इंजिन टोपण काढून ठेवलेलं होतं. त्याच्या उघड्या अंगावर दोन बोटं टेकवून, डोळे मिटून, नाडीबाबा बसले होते. माणसांची नाडी कुणीही बघतं. हे महाराज इंजिनांची बघत.

"वरचा प्राण शाबूत आहे," बाबा पुटपुटले. "खालचा निघालाय."

गर्दीतून 'अरेरे' उमटलं. जणू घरातलं कुणी अंथरुणाला खिळलं होतं.

गर्दीच्या मागे पानाताई फडक्याला हात पुसत उभी होती. हातात सदानकदा पाना, म्हणून हे नाव. धक्क्यावरची इंजिनं तीच दुरुस्त करायची. 'हे ओळखायला प्राण कशाला हवा?' ती मनात म्हणाली. बाजूलाच काढून ठेवलेले दोन प्लग तिला दिसत होते. वरचा कोरडा, खालचा काळाकुट्ट आणि तेलाने ओला.

बोट तिच्या थोरल्या भावाची होती. खालच्या सिलिंडरच्या रिंगा झिजल्यात, हे तिने दोन महिन्यांपूर्वीच त्याला मोजून दाखवलं होतं. पण इंजिन वडिलांनी घेतलेलं. ते थकलंय हे दादाला ऐकवत नव्हतं. "तुला सगळं मोडकंच दिसतं," असं तोडून तो जो गेला, तो आज बाबांनाच घेऊन आला.

"आता यंत्राने नमस्कार करावा!" बाबांनी फर्मावलं. दादाने इंजिन पुढे कलतं केलं. बाबांनी प्लगच्या भोकात बाटलीतलं दाट, सोनेरी तेल ओतलं. "ओम् चक्र, ओम् गती, ओम् अश्वशक्ती! ओढ दोरी, बाळ."

पन्नाशीच्या बाळाने दोरी ओढली. मघाशी सैल येणारी दोरी आता हाताला जड लागली. दादाचे डोळे भरून आले. "दम आला हो! खरंच दम आला!"

प्लग बसवले. दुसऱ्या झटक्यात इंजिन धडधडलं आणि निळा धूर सुटला. "दोष जळतोय!" बाबा गरजले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ज्यांच्या डोळ्यांत धूर गेला, त्यांनी ते आनंदाश्रू समजून पुसले.

"अकरा दिवस कवच उघडायचं नाही," बाबांनी बजावलं. "पाना लागला, की प्राण गेला." तोवर बाबा तीन बंदरं पुढे गेलेले असणार, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

उतारू चढू लागले. आता मात्र पानाताई पुढे सरसावली.

"दादा, थांब. आधी मोजू दे."

"झालं सुरू! बापाचं इंजिन उभं राहिलं ते बघवत नाही तुला?"

तेवढ्यात मागून खोल आवाज आला. "मोजू दे तिला." खेकडेवाला होता. "गेल्या महिन्यात माझंही उठवलं होतं बाबांनी. खाडीच्या तोंडाशी बंद पडलं. सहा तास वाहत गेलो, खडकांवर आपटायचा थोडक्यात वाचलो."

"तुझी श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले.

"तेच सांगितलंत तुम्ही. म्हणून लाजेने गप्प बसलो होतो."

वहिनी सकाळपासून बाबांसमोर हात जोडून उभी होती. तिने हात सोडले. "आपली पोरं याच बोटीतून शाळेत जातात," ती नवऱ्याला म्हणाली. "मोजू दे."

पानाताईने इंजिन बंद केलं, खालचा प्लग काढून तिथे दाब मोजायचा गेज बसवला आणि दोरी ओढली. काटा अठ्ठ्याण्णववर गेला.

"दोन महिन्यांपूर्वी किती होता?" बाबांनी मधाळ आवाजात विचारलं.

"बासष्ट."

जयजयकार झाला. दादाने बहिणीकडे असं बघितलं, की ती पान्यासकट पाण्यात पडली असती. पण ती शांतपणे म्हणाली, "आता बोट बांधून ठेव आणि गिअरमध्ये वीस मिनिटं चालव."

इंजिन चाललं. धूर दाट होता, मग विरळ झाला. आवाजही हळूहळू खरखरीत झाला. तिने पुन्हा गेज लावला.

"चौसष्ट," वहिनीने मोठ्याने वाचलं.

"नास्तिक हात लागला!" बाबा किंचाळले.

"मग याच हाताने परत जिवंत करते." तिने आपल्या पेटीतून साध्या तेलाची बुधली काढली. इंजिन कलतं केलं, दोन चमचे तेल भोकात सोडलं, दोरी चार-पाचदा ओढली. काटा सत्त्याण्णववर.

तिने काटा सगळ्यांना दिसेल असा गेज वळवला.

"मी कुठला मंत्र म्हटला?"

"म्हटलास की," बर्फवाला म्हणाला. "बोट चिमटलं तेव्हा 'च्यायला' म्हणालीस."

हशा ओसरल्यावर ती म्हणाली, "रिंग झिजली, की पिस्टनच्या कडेने दाब निसटतो. दाट तेल ती फट भरतं. दोरी जड लागते, काटा चढतो. तेल जळून गेलं, की फट होती तिथेच. नमस्कार कशाला? इंजिन सरळ असतं तर तेल भोकातून बाहेर आलं असतं. रिंग गेलीय की नाही हे ओळखायला आम्ही मिस्त्री हेच करतो. बाबांनी तपासणीलाच उपचार म्हणून विकलं."

बाबा मुरलेले होते. त्यांनी हसून हात जोडले. "बघा, ताईंनाही सिद्धी आहे!"

आणि काय सांगावं, एक म्हातारी खरोखर पुढे आली आणि पानाताईच्या पायाशी वाकली. "बाई, माझ्या शिलाई मशीनवरून एकदा हात फिरव गं."

पानाताईचा तोल तेव्हा सुटला. "आजी, उठा आधी! एकाचे पाय सोडले, की लगेच दुसऱ्याचे? हा घ्या गेज. तुम्ही लावा, तुम्ही वाचा. मी सांगते म्हणूनही मानू नका!"

म्हातारीने चष्मा सावरून काटा वाचला. खेकडेवाल्याने वाचला. बाबा आपली बाटली गुंडाळू लागले तशी वहिनीने ती काढून घेतली, हुंगली आणि म्हणाली, "साधं गिअरचं तेल. अत्तर टाकलंय वरून."

पानाताईने सिलिंडरचं झाकण उघडून दादाला बोलावलं. आतल्या भिंतीवर उभा ओरखडा होता. दादाने त्यावरून नख फिरवलं; नख अडकलं. त्याने पुन्हा फिरवलं; पुन्हा अडकलं.

"मला ठाऊक होतं गं," तो अखेर हळूच म्हणाला. "तू सांगितलंस तेव्हाच. पण ऐकायचं नव्हतं."

"म्हणूनच यांचं चालतं, दादा. आपल्याला जे ऐकायचं असतं, तेच हे सांगतात. लोखंडाला कुणाचं मन राखता येत नाही. त्याला विचारावं, मोजावं, आणि जे उत्तर येईल ते सोसावं."

दादाने उठून ताटकळलेल्या उतारूंकडे बघितलं. "बोट आज सुटणार नाही," तो मोठ्याने म्हणाला. "इंजिन झिजलंय."