काकांची चार पावलं

"बाई, तुम्हीच पुसलंत!" साहेब सगळ्यांसमोर म्हणाले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बावीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या या ऑफिसात टायपिंग केलं. आठ दिवसांनी निवृत्त होणार, म्हणून जाता जाता डूख धरून मी 'चाव्या' हे फोल्डर उडवलं, असा साहेबांचा शोध! तिकडे मोठा पाइप फुटून खालच्या गल्लीत घराघरात पाणी शिरत होतं. ते बंद करायची चावी, म्हणजे व्हॉल्व्ह, रस्त्याखाली नेमकी कुठे गाडली आहे, हे फक्त त्या फोल्डरात होतं.

चावीवाल्या काकांना लिहिता येत नव्हतं, पण जमिनीखालचं सगळं तोंडपाठ. रोज दुपारी माझ्या टेबलाशी उभं राहून ते सांगायचे, मी टाइप करायचे. जोडीला जागांचे फोटो. काका दोन वर्षांपूर्वी गेले. आता त्यांचं सांगणं तेवढं उरलं होतं, आणि तेही मी पुसलं म्हणे.

"मी काही डिलीट केलं नाही हं," कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणाला. "मशीन रांगतंय म्हणून सकाळी फक्त डिस्क ऑप्टिमाइझ केली. हा ड्राइव्ह तर रिकामाच दिसतोय. फॉरमॅट मारू?"

"हात लावून तर बघा! आधी सांगा, यातली किती जागा भरली आहे?"

"सहा जीबी."

"मग रिकाम्या डब्याला वजन कुठून आलं हो?"

मी त्याच्या हातून माउस हिसकावून घेतला, सेटिंगमध्ये जाऊन लपवलेल्या फाइल दाखवायची खूण केली. 'चाव्या' हजर! फिकट दिसत होतं, पण होतं.

"व्हायरसने लपवलंय," दुरुस्तीवाला पुटपुटला. "कोणी बाहेरचा पेनड्राइव्ह लावला होता का?"

साहेबांचा हात खिशातल्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे गेला; पेनड्राइव्ह त्यालाच अडकवलेला असायचा. काल लेकीच्या वाढदिवसाचे फोटो छापायला त्यांनीच पेनड्राइव्ह लावला होता, माझ्या डोळ्यांदेखत. चोराच्या उलट्या बोंबा! मी चार शब्द सुनावणार होते, पण पाणी थांबणार नव्हतं. मी खोदणाऱ्यांना फोनवर नोंद वाचून दाखवली.

"शिंप्याच्या पायरीपासून खांबाकडे चार पावलं."

दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. "ताई, चार पावलं मोजून खणलं. काही नाही इथे."

"अहो, तुमची नव्हे, काकांची पावलं! आखूड. उजवा पाय अधू होता त्यांचा."

"म्हणजे किती?"

फोन टेबलावर ठेवून मी उठले. वीस वर्षं दारातून टेबलापर्यंत येताना पाहिलेली काकांची चाल, उजवा पाय किंचित ओढत, तशीच चालले. चार पावलं. कोणी हसलं नाही. साहेब टेप घेऊन माझ्या पायांशी वाकले.

"एक मीटर साठ," ते फोनवर ओरडले.

तिथेच चावी लागली. पाणी थांबल्याचं कळलं तेव्हा साहेबांनी घाम पुसला. माफीबिफी काही नाही. स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाले, "बाई, ते पावलांचं काढून आता मीटर टाका."

"मीटर खाली लिहिते," मी म्हणाले. "पावलं राहतील."

आणि टाइप करायला बसले.