पुढचं डावं चाक

सिद्रामप्पानं दोन्ही हातांनी धरलेल्या छिन्नीवर गुंडप्पानं हातोडा घातला, पण हबमध्ये बसलेली बेरिंगची जुनी रिंग तसूभरही हलली नाही. त्यानं पुन्हा घातला. प्रत्येक घावाला धाकट्या भावाचे दात आवळत होते आणि हातोडा जरा चुकला तर त्याचीच बोटं चेंगरणार होती. तरी त्यानं छिन्नी सोडली नाही. लहानपणापासून थोरल्या अण्णाच्या हातोड्याखाली हात धरायची त्याला सवय होती.

ट्रकचं पुढचं डावं चाक काढून निलंग्यातल्या त्यांच्या घराच्या भिंतीला टेकवलं होतं. भूकंपानंतर जमीन अजून अधूनमधून हलत होती. जॅकचा भरवसा नको म्हणून गुंडप्पानं आसाखाली बाभळीचे ठोकळे रचले होते. गावातले मिस्त्री मदतीला गेलेले, गॅरेजला कुलपं. काम घरीच करणं भाग होतं.

एरवी ही गाडी सुगीत तूर आणि करडई वाहायची, जूनमध्ये लातूरला क्लासला निघालेल्या पोरांच्या गाद्या आणि ट्रंका वाहायची. भूकंपाच्या पहाटेपासून तिनं किल्लारीच्या बाजूच्या खेड्यांतून आधी माणसं वाहिली, मग दगड. मातीत बसवून निरोप द्यायची लिंगायतांची रीत, पण तीही माणसं गावच्या सामाईक सरणावर चढली. वरून पाऊस. चिखलात आसापर्यंत रुतून रुतून बेरिंग झिजलं आणि चाक मार बसलेल्या कुत्र्यासारखं कण्हायला लागलं.

शेवटी रिंग सुटली आणि फरशीवर खणकन पडली. गुंडप्पानं हब डिझेलनं धुतला, नवी रिंग चारी बाजूंनी ठोकत सारखी बसवली.

"ग्रीस आण," तो म्हणाला.

"ग्रीस संपलंय, अण्णा. नवा डबा घेऊन येतो."

"सीटखाली अर्धा डबा हाय की."

"त्यात माती पडली."

सिद्रामप्पा बोलता बोलता उठून केबिनच्या दाराशी जाऊन उभा राहिला. गुंडप्पानं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याला हातानं बाजूला सारून त्यानं स्वतःच सीट उचलली आणि डबा खाली आणला. ग्रीस स्वच्छ होतं. त्यानं मूठभर काढायला हात खुपसला, तर बोटांना काहीतरी टणक लागलं. खडा असेल म्हणून त्यानं ते उपसून काढलं आणि अंगठ्यानं पुसलं.

लहान मुलाच्या पायातला चांदीचा वाळा होता. वाकडा झालेला. एका घुंगराच्या जागी लाल दोरा बांधलेला.

त्यानं पुन्हा हात घातला. जोडवं निघालं. एक कानातलं निघालं. तुटलेलं मंगळसूत्र निघालं, त्याच्या मण्यांत ग्रीस भरलं होतं.

"सगळेच घेत होते, अण्णा," सिद्रामप्पा हळू म्हणाला. "बाहेरून जीपा भरून लोक येत होते. आपण न्हाई घेतलं तर दुसऱ्यानं घेतलं असतं."

गुंडप्पानं एकेक जिन्नस फरशीवर ठेवला.

"मेलेल्याला काय करायचं हाय त्याचं? जाळूनच टाकत होते."

असं म्हणून त्यानं डबा ओढून घ्यायला काठावर हात ठेवला, आणि गुंडप्पानं शेजारी पडलेला हातोडा उचलून त्या हातावर घातला. बोटं मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. सिद्रामप्पा ओरडला नाही. क्षणभर आपल्या हाताकडे बघत राहिला, मग उजव्या हातानं चाकाचा पाना उचलून त्यानं भावाच्या कपाळावर हाणला. गुंडप्पाच्या भुवईवरची कातडी फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. आंधळ्यासारखा तो पुढे गेला, भावाच्या गळ्याला हात लागला तसा तो धरला आणि त्याला बोनेटवर आदळलं. एकदा आदळलं, पुन्हा आदळलं. ठोकळ्यांवरची गाडी करकरली. सिद्रामप्पानं गुडघा मारला. दोघंही डिझेलच्या परातीवर कोसळले. सिद्रामप्पा खाली सापडला, तेव्हा गुंडप्पानं मुठीनं त्याचं तोंड ठेचायला सुरुवात केली. मुठीला दात लागत होते, कातडं सोलवटत होतं, तरी हात थांबत नव्हता. ढिगाऱ्यातून काढलेलं एक एक मढं उचलून ठेवताना जो हात थरथरला नव्हता, तो आता आवरत नव्हता.

"मारून टाका," मल्लम्मा दारातून म्हणाली. "तेवढं एकच मढं राहिलंय वाहायचं."

गुंडप्पाची बायको आवाज चढवून बोलली नव्हती. म्हणूनच त्याचा हात खाली आला.

ती आली, दोघांच्या मधे बसली. सिद्रामप्पाला तिनं पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. त्याच्या फुटलेल्या तोंडाकडे न बघता तिनं फरशीवरचा वाळा उचलला आणि परातीत उरलेल्या डिझेलमध्ये बुडवून पदरानं पुसला.

"हे कुठलं?" तिनं विचारलं.

सिद्रामप्पानं गावाचं नाव सांगितलं.

"जिचं हाय तिचं एखादं माणूस मागं राहिलं असंल."

"गाडी जोडतो," गुंडप्पा कपाळाला फडकं दाबत म्हणाला. "आजच जायचं. अन् हा स्वतः सांगंल, कुठनं काढलं ते."

"मला सोडणार न्हाईत तिथं, अण्णा. त्या माणसाचं काय केलं, तुमी बघितलं ना?"

गुंडप्पानं बघितलं होतं. प्रेताच्या हातातल्या पाटल्या ओढताना सापडलेल्या एका माणसाला लोकांनी लिंबाला बांधून दगडांनी मारलं होतं. शिपाई येईपर्यंत त्याचं तोंड ओळखू येण्यासारखं राहिलं नव्हतं.

"हाव," तो म्हणाला. "बघितलं."

मल्लम्मानं मोडलेल्या बोटांना चिपाडाच्या कामट्या लावून फडकं बांधलं. गुंडप्पानं तळहातावर ग्रीस घेऊन नवं बेरिंग त्यात दाबून दाबून भरलं. रक्त ठिबकलं की मनगटानं पुसायचा आणि पुन्हा भरायचा. जड हब उचलायला भावाचा एकच हात होता, म्हणून दुसऱ्या बाजूनं मल्लम्मा लागली. तिघांनी मिळून तो आसावर चढवला. नट आवळून, जरासा ढिला करून गुंडप्पानं हब फिरवून पाहिला. आवाज न करता फिरला. त्यानं पिन घातली, चाक चढवलं. सिद्रामप्पा पळून गेला नाही. मधे एकदा फाटकापर्यंत गेला होता, पण तिथून परत आला आणि केबिनमध्ये जाऊन बसला.

मल्लम्मा सगळं फडक्यात बांधून त्याच्याशेजारी बसली आणि गुंडप्पानं गाडी काढली.

त्या गावाच्या माणसांसाठी माळावर पत्र्याच्या शेडा उभ्या केल्या होत्या. दुपारच्या उन्हात पत्रे तापले होते, बायका सावलीला बाहेर गोणपाटांवर बसल्या होत्या. ट्रक थांबला तशी चार माणसं उठून आली. धान्य आलं असेल असं त्यांना वाटलं. एकाच्या हातात काठी होती.

मल्लम्मा उतरली. जोडवं, कानातलं, मंगळसूत्र तिनं फडक्यावर मांडलं आणि वाळा हातात धरून एका एका बाईपुढे नेला. हातोहात तो पुढे सरकला. सरजाबाई नावाच्या एका म्हातारीनं तो घेतला, लाल दोऱ्यावरून नख फिरवलं आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाही.

"कुणाला गावलं हे?" तिनं विचारलं.

गुंडप्पानं भावाच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे केलं. माणसं जवळ आली. आपण हात काढून घेतला तर भाऊ इथंच कोसळेल असं गुंडप्पाला वाटलं, आणि त्यानं हात काढला नाही.

सिद्रामप्पाचे ओठ सुजून फुगले होते. "मला," तो म्हणाला.

"माझ्या नातीचं हाय. तूच काढलंस का तिला?"

"हाव."

"मला बघूच दिलं न्हाई कुणी. म्हणले, नको बघू." म्हातारीनं मान वर केली. "कशी होती?"

सिद्रामप्पानं एकदा अण्णाकडे पाहिलं. मग तो म्हातारीसमोर मातीत बसला.

"खांब आडवा पडला होता," तो म्हणाला. "त्याच्याखाली जागा राहिली होती थोडी. आई तिच्यावर पालथी होती. पोरीच्या तोंडावर माती न्हवती, आजी. डोळे मिटलेले होते."

"झोपंतच?"

"झोपंतच."

कुणीतरी मागून विचारलं, "अन् वाळा कसा आला तुझ्याकडं?"

काठीवाला एक पाऊल पुढे आला. गुंडप्पानं त्याच्याकडे पाहिलं, पण मधे पडला नाही.

"पायातनं निघत न्हवता," सिद्रामप्पा म्हणाला. "मी वाकवून काढला. विकायला काढला. फडक्यावरचंबी सगळं मीच काढलं."

काठीवाला म्हातारीकडे बघत होता. बाकीचेही तिच्याकडेच बघत होते. तिनं वाकडा वाळा दोन्ही हातांनी धरून सरळ करायचा प्रयत्न केला. तिच्या बोटांत तेवढा जोर नव्हता.

"निघणार कसा," ती म्हणाली. "तिच्या आईनंच घट्ट करून घेतला होता. पोर पळायची अन् वाळा पडायचा." मग तिनं विचारलं, "आईचा हात कुठं होता?"

"पोरीच्या डोक्याखाली."

सरजाबाईनं गोणपाटावर थोडं सरकून जागा केली. सिद्रामप्पा तिथं बसायला धजला नाही, पण उठलाही नाही. तेवढ्यात पलीकडच्या शेडमधली एक बाई पुढं आली. फडक्यावरच्या जिनसांकडे तिनं पाहिलंही नाही.

"आमचं घर मारुतीच्या देवळामागं होतं," ती त्याला म्हणाली. "निळं दार. तिथं तू होतास का?"