दहाच्या आधीचे हात

श्वास आत घ्या.

घेतला. आता सांगते.

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, मी त्यावर मेणाची हिरडी चढवते आणि त्या मेणात एकेक दात बसवते. ही मेणाची कवळी आधी पेशंटच्या तोंडात घालून बघतात. जमली तर मग पक्की होते. समोरच्या दोन दातांमधली रेघ बरोबर नाकाखाली यावी लागते. केसभर सरकली तर माणूस उरलेलं आयुष्य कुणाला तरी टोमणा मारल्यासारखा हसतो.

मला संधिवात आहे. म्हातारपणी येतो तो नव्हे. शरीराची फौज शत्रू सोडून स्वतःच्याच सांध्यांवर चाल करते, तो. तिशीतच लागला. औषधं चालू आहेत आणि चालूच राहणार. या आजाराला सकाळ आवडत नाही. उठल्यावर बोटं माझी नसतात. दहाच्या सुमाराला परत येतात, काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं.

आमची लॅब आठला उघडते.

श्वास सोडा.

*

मालकांच्या केबिनमध्ये दोन खुर्च्या आहेत. एक त्यांची, दुसरीवर फायली. त्यामुळे उभ्यानंच विचारलं.

"दहा ते सात करते. काम तेवढंच होईल."

"काम तुमचं एक नंबर आहे, ताई. त्यावर प्रश्नच नाही. पण आज तुम्हाला दहा दिले की उद्या सगळ्यांना संधिवात होईल."

"तो असा होत नाही, सर."

"माणसाला काहीही होऊ शकतं. सवलत दिसली की." त्यांनी पेन उघडून पुन्हा बंद केलं. "महिनाअखेरपर्यंत बघू. आठला हात चालत नसतील तर पॅकिंगला बसा. तिथे काय, कवळी डबीत घालायची, डबी खोक्यात. आराम आहे."

आरामच. सतरा वर्षं माणसांची तोंडं भरल्यावर खोकी भरायची.

मी दाराशी पोचले तेव्हा ते म्हणाले, "आणि हो, तुमच्यासाठी मी एक सोय करतोय."

मला वाटलं, खुर्ची.

*

थांबा, आधी बाकीच्यांचे सल्ले. ते सगळे फुकट होते आणि तेवढ्याच किमतीचे. नणंद म्हणाली, वहिनी, तुम्ही विचार फार करता, तो सांध्यात साठतो. शेजारचे म्हणाले, त्यांच्या मेहुण्याचं हेच होतं, त्यानं पहाटे चालायला सुरुवात केली आणि आता तो धावतो. कुठे धावतो ते नाही सांगितलं. रिक्षावाल्यानं मीटर थांबवून सांगितलं की गोळ्यांनीच आजार वाढतो. नवरा काही म्हणाला नाही. बाटलीचं झाकण उघडून बाटली माझ्यासमोर ठेवायची, एवढंच तो करतो. जगात अजून अशी माणसं आहेत, पण ती सल्ले देत नसल्यानं कुणाला कळत नाहीत.

*

मालकांची सोय म्हणजे योगवर्ग. सगळ्या लॅबला सक्तीचा. सकाळी सात ते आठ.

पुन्हा वाचा. जिची सकाळ आजारानं खाल्ली तिच्यावर उपाय म्हणून एक तास जास्तीची सकाळ. मालक मनानं वाईट नाहीत. त्यांच्याकडे दुसऱ्याच्या दुखण्यावर नेहमी उपाय असतो, दुखणं ऐकून घ्यायला तेवढा वेळ नसतो.

योगशिक्षक पंचविशीचा. हाडं आईकडेच विसरून आलेला. पहिल्या दिवशी तो मागे वाकला आणि पायांमधून आम्हाला उलटा नमस्कार केला, तेव्हापासून आमचे पॉलिशकाका त्याला 'रबर' म्हणतात. काका कवळ्या घासून चमकवतात. दाढीही घासल्यासारखी करतात आणि बोलणंही.

दोन्ही हात जमिनीवर.

ठेवते. म्हणजे एक ठेवते. दुसऱ्याचं मनगट म्हणतं, तू पुढे हो, मी मागून येतो.

तळवे पूर्ण टेका. बोटं फाकवा.

बोटं फाकत नाहीत. मूठही होत नाही. या दोन्हींच्या मधलं जे काही असतं तेच सध्या माझा हात.

"वेदना म्हणजे शरीराचं बोलणं आहे," रबर माझ्यापाशी येऊन म्हणाला. "ऐका."

"ऐकतेय. शिव्या देतंय."

तो हसला नाही. उकिडवा बसला, माझं सुजलेलं मनगट बघितलं, हात न लावता. मग उठून कोपऱ्यातून एक खुर्ची आणली. "यावर बसून करा. हात वर जातील तेवढेच. जात नसतील तर नुसता श्वास."

एवढं त्याला कुणी शिकवलं माहीत नाही. मी खुर्चीवर बसले. बाकीच्यांचे सूर्यनमस्कार चालू होते, कारण मालक दारात उभे होते आणि म्हणत होते, "घाम आला पाहिजे. पैसे घामाचे दिलेत." रबर घाम काढत होता. काका जमिनीवरून उठताना असा आवाज काढत होते की मालकांना वाटलं, ओंकार.

मी डोळे मिटून श्वास मोजत होते. खरं सांगते, बरं वाटत होतं. दुखणं गेलं नाही, जागचं हललंही नाही. पण त्याच्याभोवती थोडी जागा झाली, गर्दीच्या लिफ्टमध्ये कुणी पोट आत घेतल्यासारखी. हे मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर मालकांनी त्याची पाटी केली असती.

*

आठला सगळे आपापल्या टेबलावर बसायचे. मीही. पण मी दहापर्यंत एकही दात बसवत नव्हते. दात रंगाप्रमाणे लावून ठेवायचे, साचे पुसायचे, मेण मऊ करायच्या गरम पाण्याच्या भांड्यात मेणाच्या निमित्तानं हात सोडून बसायचे. मालक फेरीवर आले की काका मशीनवरून मान न उचलता म्हणत, "ताई रंग जुळवतायत." कितीही वेळा आले तरी मी रंगच जुळवत असायचे. दहाला बोटं आली की कामाला लागायचं आणि संध्याकाळी पाचनंतर, सगळे गेल्यावर, राहिलेलं उरकायचं. दहा ते सात मी करतच होते. फक्त सातपासून.

बाकीच्यांचे हात धडधाकट. ते आठला लगेच दात बसवायला घेत. दंड आत्ताच शरीराचं वजन उचलून आलेले, बोटांच्या टोकापर्यंत थरथर. धडधाकट माणसाला आपला हात थरथरतोय हे कळत नाही. त्याला वाटतं टेबल हलतंय.

महिना संपायच्या आतच एका डॉक्टरबाईंचा फोन आला. मालकांनी तो स्पीकरवर घेतला, कारण त्यांना वाटलं कौतुक असेल.

"तुमच्याकडच्या पाच कवळ्या आल्या," बाई म्हणाल्या. "तीन पेशंट डावीकडे हसतायत. तुमच्या लॅबमध्ये जमीन कललीय का?"

"मॅडम, उरलेल्या दोन?"

"त्या सरळ आहेत. त्या ज्यांनी केल्या त्यांनाच सगळं देत जा ना."

त्या दोन माझ्या होत्या.

*

दुसऱ्या दिवशी योगवर्ग संपला तसं मालकांनी सगळ्यांना बसवून ठेवलं. मला पुढे बोलावलं. मला वाटलं, पॅकिंगचं आजच ठरवणार.

"बघा," मालक म्हणाले. "वर्ग एकच, शिक्षक एकच. पण योग मनापासून केला यांनी एकट्यांनी. आणि म्हणून कवळ्या कुणाच्या सरळ आल्या? आजारी माणूस एका महिन्यात बरा होतो, आणि तुम्ही धडधाकट लोक थरथरताय."

मी महिनाभर खुर्चीवरून उठले नव्हते. हे रबरला माहीत होतं, त्यानं खाली बघितलं. काकांना माहीत होतं, त्यांनी वर बघितलं.

गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण बरी झालेली बाई दहाला कशाला येईल?

"मी बरी झालेली नाही, सर. गोळ्या चालू आहेत. दहाच्या आधी माझे हात चालत नाहीत, म्हणून दहाच्या आधी मी दात बसवतच नाही. यांचे हात व्यायामानं थरथरतात आणि हे लगेच बसवतात."

काका पुटपुटले, "रंग जुळवत होत्या त्या."

मालक विचार करू लागले. त्यांचा चेहरा विचार करताना दुखतो असं दिसतं. "म्हणजे योग आणि काम यांच्यात दोन तास मध्ये हवेत."

"तसं समजा."

"शास्त्रात असेलच तसं." त्यांनी रबरकडे बघितलं.

रबरनं एक सुरकुतीही न हलवता सांगितलं, "शरीर स्थिर व्हायला वेळ लागतोच, सर. यांना तर नक्कीच. यांनी घरी करावं आणि मग दहाला यावं."

"मग असं करू," मालक म्हणाले, जणू त्यांनाच सुचलं होतं. "बाकीच्यांचा योग संध्याकाळी. ताई घरी करतील, दहाला येतील, सातला जातील. पॅकिंग वगैरे राहू द्या. पण फोटो लागेल. दाराजवळ लावू. 'योगानं बरी झाले.'"

"'बरी झाले' लिहू नका."

"मग काय लिहू?"

"'दहाला येते.'"

"त्यात काय विशेष आहे?"

मलाही ते एका वाक्यात सांगता आलं नसतं.

*

फोटो लागला. मी खुर्चीवर, हात मांडीवर, चेहरा वैतागलेला. खाली लिहिलंय: 'नियमित योग, वेळेवर हजेरी.' येणारी-जाणारी डॉक्टर मंडळी तो वाचतात आणि दहाला येणाऱ्या मला विचारतात, कसं हो जमवता?

घरी आठला मी ओट्याजवळच्या स्टुलावर बसते. कोमट पाण्यात हात. श्वास आत, हात वर, जातील तेवढे. काल कानापर्यंत गेले. आज खांद्यालाच अडले. नवऱ्यानं डोकावून विचारलं, "आज नाही वाटतं?"

"चालू आहे."

तो बाहेर गेला. मी पुन्हा हात वर घेतले. घड्याळ समोर होतं आणि त्याला आज कसलीही घाई नव्हती.