रिकाम्या दोऱ्या

अधिकाऱ्यांच्या बायकांना दर रविवारी छावणीत यायची परवानगी असे. त्या रविवारीही ती रद्द केली नाही. केली असती तर पलटण संध्याकाळी आघाडीवर निघणार हे गावभर झालं असतं. तंबू तसेच उभे ठेवले होते. बायकोलाही सांगायचं नाही, अशी अधिकाऱ्यांना सक्त ताकीद होती.

कॅप्टन बायकोला घ्यायला फाटकापाशी आला. तिच्यासोबत लेफ्टनंटची नवी नवरी होती. शेजारी पावाचा ठेकेदार गाडी रिकामी करत होता. गावातल्या निम्म्या बातम्या त्याच्याच गाडीवरून फिरायच्या.

आत पाऊल टाकताच नवरी मोठ्याने म्हणाली, "अय्या वहिनी, एवढं कडक ऊन आणि एकाही दोरीवर कपडा नाही! सगळे निघालेत की काय कुठे?"

सगळं झाकलं होतं, पण वाळत घालायच्या दोऱ्या कुणाच्याच ध्यानात आल्या नव्हत्या. ठेकेदाराचा हात टोपलीवरच थांबला.

बायकोने दोऱ्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तिला कळलं, हे त्यालाही कळलं. आणि ती खळखळून हसली.

"अगं, आपण येणार म्हणून धुतलेलं सगळं अंगावर चढवलंय! एरवी यांचे अवतार बघशील तर माहेरी पळशील. तुझ्या नवऱ्याने तर आमच्या यांचाच शर्ट उसना घेतला असेल."

"आमच्या घरीही तीच तऱ्हा, बाईसाहेब," म्हणत ठेकेदार हसला आणि टोपली उचलून चालता झाला.

परतताना फाटकावर ठेकेदार पुन्हा होताच. ती मुद्दाम आवाज चढवून म्हणाली, "अहो, तो कोपरावर फाटलेला शर्ट द्या. पुढच्या रविवारी शिवून आणते."

कॅप्टनने शर्ट आणून दिला. तो घेताना ती हळूच म्हणाली, "आणणार नाही हं. न्यायला तुम्हीच यायचं."

"येतो."

ती ताठ मानेने गेली, एकदाही मागे वळली नाही.

मेजरांच्या कानावर सगळं गेलं होतं. "काय हो, तुमच्या घरात कॅप्टन कोण?"

"ती, साहेब," तो म्हणाला. छाती आपोआप पुढे आली होती.

संध्याकाळी पलटण निघाली. गावाला पत्ताही लागला नाही.

युद्ध संपल्यावर तो शर्ट न्यायला गेला. कोपर शिवून तयार होता.

आता ती नाही. तिच्याबद्दल कुणी विचारलं की तो आधी दोऱ्यांचीच गोष्ट सांगतो.