आधी बँकेची चावी

"मूठ सोडा म्हणते ना मी. बोटच लावायचंय, हात नाही कापून घेत तुमचा."

पण हे ऐकतील तर शपथ. उजव्या हाताची मूठ पोटाशी घट्ट धरून माझ्याकडे असे बघत होते, की जणू मी ठाकूरद्वारच्या नाक्यावर ह्यांचं पाकीट मारायला आलेय. टेबलावर आमच्या लेकीचा, वैदेहीचा, जुना लॅपटॉप, त्याला लावलेला तो मेला ड्राइव्ह, आणि त्याचा निळा दिवा आपला लुकलुकतोय. बोट लावा, बोट लावा. दुपारचा चहा निवून गेला तरी आमचं हेच चाललेलं.

हा ड्राइव्ह जावईबापूंनी, हितेंद्ररावांनी, ह्यांच्या पंचाहत्तरीला दिला. काड्यापेटीएवढी वस्तू. बोटाचा ठसा नाहीतर पासवर्ड जुळला तरच उघडते. चोरानं नेली तरी आतलं काही त्याला वाचता येत नाही म्हणे. ह्यांना काय आनंद झाला, काय सांगू. जन्मभर बँकेत लॉकरवर बसलेला माणूस, घरातला बिस्किटांचा डबासुद्धा कुलपात ठेवायचे. घरातले सगळे फोटो, सगळे व्हिडिओ त्यात भरले आणि जुना कॉम्प्युटर भंगारात देऊन मोकळे झाले. माझंही बोट घाला त्यात म्हटलं, तर म्हणाले, तू गोंधळ घालशील. मग पासवर्ड तरी कुठं लिहून ठेवा म्हटलं, तर म्हणाले, पासवर्ड लिहायचा नसतो, डोक्यात ठेवायचा असतो. ठेवला डोक्यात. आता डोक्यातलंच सगळं निघून चाललंय, त्याला कोण काय करणार?

आधी किल्ल्या कुठं ठेवल्या ते विसरायला लागले, मग घरी यायचा रस्ता. दिवाळीनंतर मला विसरले. आता मला 'बाई' म्हणतात. बाई, जरा चहा टाकता का? अगदी नम्रपणे. सगळा संसार करून शेवटी मी ह्यांच्याकडे कामाला आलेली बाई. रागावू तरी कुणावर?

आणि त्या ड्राइव्हमध्ये ह्यांच्या निरोपसमारंभाचा व्हिडिओ आहे. त्यात ह्यांनी सगळ्या बँकेसमोर, माइकवर, माझं नाव घेतलंय. मला ते ऐकायचंय. ह्यांच्या तोंडून, एकदा. बाकीचे फोटो गेले खड्ड्यात.

मागच्या आठवड्यात हे दुपारचे झोपलेले असताना हळूच बोट उचलून लावून पाहिलं. वाकडं लागलं, लाल दिवा. परत लावलं, परत लाल. तेवढ्यात हे जागे झाले आणि चोर, चोर म्हणून असे ओरडले की अख्खी वाडी गोळा झाली. शेजारच्या जाईबाई तर लाटणं घेऊन आल्या. हितेंद्ररावांना फोन केला, तर म्हणाले, आई, जपून, फार वेळा चुकलं तर आतलं सगळं आपोआप पुसलं जातं, तीच तर त्याची सेफ्टी आहे. मी विचारलं, कुणापासून सेफ्टी, माझ्यापासून? ते हसले. आणखी किती वेळा चुकलेलं चालेल, ते मात्र त्यांना सांगता येईना.

तर आजही ही मूठ. मी शेवटी कंटाळून समोरच्या खुर्चीत बसकण मारली. सकाळी भाजीला नेलेली पर्स खुर्चीतच पडली होती, ती मांडीवर घेतली आणि म्हटलं, आता मी करू तरी काय?

ह्यांची मूठ सैल झाली. खुर्चीत ताठ बसले. शर्टाचं वरचं बटण लावलं.

"आधी सही करा, बाई. सहीशिवाय लॉकर उघडत नाही."

डोकं इतकं उठलं होतं की म्हटलं, घ्या सही. समोरच्या वर्तमानपत्राच्या कडेला केली. ह्यांनी पेपर डोळ्यांजवळ धरून ती नीट तपासली, मग नाव विचारलं. सुभद्रा पेडणेकर, मी सांगितलं, आणि ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. काही हललं नाही. खूप वाईट वाटलं.

"जॉइंट आहे ना? दुसरं नाव?"

"जयवंत पेडणेकर." उखाण्याबाहेर ह्यांचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. घेतलं ते ह्यांनाच सांगायला.

"ते नाही आले?"

मी काय सांगणार होते, कप्पाळ?

"हल्ली येत नाहीत."

"बरं नाही का?"

"नाही."

"काळजी घ्या त्यांची," हे म्हणाले. मग जरा पुढं वाकले. "लॉकरला दोन चाव्या लागतात. आधी बँकेची, मग तुमची."

मी ड्राइव्ह पुढं सरकवला. ह्यांनी आपणहून बोट पुढं केलं, सरळ ठेवलं, दाबून धरलं. हिरवा दिवा लागला. मग हे उठले आणि गॅलरीत जाऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

हितेंद्ररावांनी पढवल्याप्रमाणे आधी सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं. मग तो व्हिडिओ सापडला. हे माइकसमोर, गळ्यात हार, केस अजून काळे.

"लोकांच्या चीजवस्तू मी सांभाळल्या," पडद्यावरचे हे म्हणत होते, "पण मला सांभाळलं सुभद्रानं. ती समोरच बसलीय. सुभद्रा, जरा उभी राहा."

आणि मी उठून उभी राहिले. आमच्या त्या एवढ्याशा खोलीत, पर्स छातीशी धरून.

"अहो," मी गॅलरीकडे बघून म्हटलं, "इकडे या. बघा तरी, कोण बोलतंय."

ह्यांनी मान वळवली नाही.

"नको, बाई. गिऱ्हाइकाचं आपण बघायचं नसतं. तुमचं सावकाश होऊ द्या. झालं की हाक मारा."

खाली वाडीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. ह्यांची पाठ तशीच ताठ होती. मी हाक मारली नाही. व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.